नागोरावांची लाल गिटार आणि माठाखालची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. पण पोकळ अंगाची, नुसत्या बोटानं घुमणारी ती बापडी गिटार नव्हे बरं का! मी विजेची. अंग भरीव लाकडाचं, रंग लाल, आता कडेकडेनं उडालेला. वायर लावली नाही तर माझी नुसती बारीक टिंगटिंग. वायर लावली, की मग मात्र हैदराबादची सगळी अंबरपेठ मला ओळखते. ही बढाई समजू नका. चौदा एप्रिलला आमच्या गल्लीत कुणालाही विचारून बघा.

कलकत्त्याच्या एका लहानशा कारखान्यात मी जन्मले. एका बुटक्या मिस्त्रीनं मला तासलं, घासलं, रंगवलं आणि माझ्या तारांखाली दोन चुंबकं बसवली. त्यांच्याभोवती केसाएवढी बारीक तांब्याची तार हजारो वेढे देऊन गुंडाळली. याला पिकअप म्हणतात. वरची तार थरथरली की पिकअपला कळतं आणि ती थरथर तो वायरीतून पुढे पाठवतो. मी त्यांना माझे कान म्हणते. मिस्त्रीनं हे कान वितळलेल्या मेणात बुडवून घट्ट केले होते. तारांचं तेवढं ऐकावं, आजूबाजूच्या गप्पांकडे लक्ष देऊ नये, म्हणून ते मेण. ही मेणाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

रेल्वेनं मी नामपल्लीला उतरले आणि सुलतान बाजारच्या एका दुकानात खुंटीला टांगली गेले. तिथून मला नागोरावांनी नेलं. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते, वीज खात्यात नुकते चिकटले होते. पहिला पगार हातात पडला तो घेऊन माणूस आधी दुकानात आला, मग घरी गेला. त्यांचे वडील भिवाजी नामपल्लीच्या मालधक्क्यावर हमाली करून म्हातारे झालेले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "नाग्या, हे तांबडं फावडं कशापायी आणलंस रे?"

फावडं! मला! पण त्या म्हाताऱ्यावर मी कधी रुसले नाही, कारण माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं गाणं त्यानंच रचलं होतं. छप्पन साली राज्याराज्यांच्या वाटण्या झाल्या. भिवाजींच्या बहिणीचं गाव रेघेच्या पलीकडे गेलं आणि भिवाजी अलीकडे, हैदराबादेत राहिले. माणसं तुटली नाहीत, पण बहिणीच्या लेकीला शाळेत घातलं का नाही, हे विचारायला जाणं होईना. म्हणून त्यांनी भाचीसाठी गाणं रचून धाडलं. 'शिक गं लेकी, उजेड हाये पाटीत.' पुढे ते जयंतीला गाणाऱ्या आमच्या गायन पार्टीचं गाणं झालं. त्या गाण्याचा एक कायदा होता. गाणाऱ्यानं ओळ म्हणायची आणि 'उजेड हाये, उजेड हाये' हे समोर बसलेल्यांनी झेलायचं. गाणाऱ्यानं ते एकट्यानं म्हणायचं नाही. लोक झेलत नाहीत तोवर वाजवणाऱ्यानं पुढे जायचं नाही. "उजेड एकल्याचा नसतो," असं भिवाजी म्हणत.

नागोराव हा कायदा कसा पाळत, ते मी मांडीवर बसून पाहिलंय. ओळ संपली की ते शेवटचा सूर लांबवत, मान वर करत आणि मांडवात नजर टाकत. मागच्या रांगेतल्या म्हातारीनंही तोंड उघडलं, की मगच बोट हलायचं. तेवढा वेळ तो सूर जिवंत ठेवणं हे माझं काम. आणि ते मला जमायचं, कारण माझ्याजवळ पेटी होती. सुलतान बाजारातल्या एका रेडिओ मेकॅनिकनं बनवलेली, पुढे जाळी, आत अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर. ती पेटी माझा आवाज मोठा करून हवेत सोडी, ती हवा परत येऊन माझ्या तारांना भिडे आणि तारा पुन्हा थरथरत. मी बोले, पेटी उत्तर देई, मी पुन्हा बोले. काय दिवस होते हो ते!

मग जे सगळ्यांचं होतं ते माझंही झालं. भिवाजी गेले. पार्टीतले काही गावी गेले, काहींचे गळे बसले. जयंतीला मोठमोठ्या खोक्यांचं डीजे आलं. मला गोणपाटाच्या खोळीत घालून कपाटावर चढवलं. पेटीचं तर विचारूच नका. नागोरावांच्या बायकोनं, केसरबाईंनी, ती स्वयंपाकघरात नेली आणि तिच्यावर पाण्याचा माठ ठेवला. "उंची अगदी बरोबर हाय," म्हणाल्या. बारा वर्षं ती बिचारी माठाखाली गप्प उभी होती.

मला खाली काढलं ते सखूमुळे. सखू ही नागोरावांची एकुलती एक लेक, सरकारी नोकरीत. गळा असा, की आजोबांचं गाणं तिनं म्हणावं आणि बाकीच्यांनी ऐकावं. दोन हजार चौदा साली पुन्हा राज्याची वाटणी झाली. दोन राज्यांत वाटायच्या कर्मचाऱ्यांच्या याद्या निघाल्या, अर्ज झाले, हेलपाटे झाले आणि शेवटी सखूचं नाव रेघेच्या पलीकडे गेलं. सोळा सालच्या जूनमध्ये हुकूम आला, अमुक सोमवारी विजयवाड्याकडच्या नव्या कचेरीत हजर व्हा. हातात पंधरा दिवस होते.

सखू रडली नाही. जेवताना एवढंच म्हणाली, "तिकडं गाणं बंदच म्हणायचं. आजोबांचं गाणं कोण वाजवणार तिथं? नुसत्या टाळीवर माझा सूर टिकत नाही."

नागोरावांचा घास हातातच राहिला. ते उठले, स्टूल ओढलं, कपाटावरून मला खाली घेतलं आणि खोळ काढत म्हणाले, "मी वाजवून देतो. भरून घे. पेनड्राइव्हमधून घेऊन जा. जिथं जाशील तिथं बाप वाजवायला हजर."

मित्रांनो, हा माणूस मला का आवडतो, ते आता तुम्हाला कळलं असेल.

दुसऱ्याच दिवशी आम्ही सुलतान बाजारच्या जवळ, कोठीतल्या विजेच्या सामानाच्या गल्लीत गेलो. तिथून एक डबी आणली. माझी वायर डबीत, डबीची वायर सखूच्या लॅपटॉपमध्ये आणि आवाज हेडफोनमध्ये. मध्ये माईक नाही, स्पीकर नाही, बाहेर फक्त तारांची चिमणीएवढी टिंगटिंग. नागोरावांना हे फार पसंत पडलं, कारण वरच्या मजल्यावर घरमालक हणमंतराव राहत. आवाजावरून त्यांच्याशी पूर्वी एकदा खडाजंगी झाली होती.

नागोराव शिस्तीचे. स्टुडिओच्या भिंती मऊ असतात, असं त्यांनी कुठंतरी पाहिलं होतं. त्यांनी घरातल्या सगळ्या गोधड्या भिंतींना टांगल्या, खिडकीला गादी लावली, पंखा बंद केला. जूनचा उकाडा! मी वायरीतून बोलणार, तिथं गोधड्यांचा काय संबंध? माईकच नाही तर भिंत ऐकणार कोण? पण मला विचारतंय कोण! नागोराव बनियनवर घामाघूम होऊन वाजवत होते आणि केसरबाई दाराशी उभ्या राहून म्हणत होत्या, "अहो, पापडं वाळत घातल्यासारखी गोधडी टांगलीत, पावण्यांना काय दिऊ अंगावर?"

पहिल्या दिवशी माझा आवाज आला तो पांघरुणाखालून बोलल्यासारखा. नागोराव मला आणि डबीला घेऊन पुन्हा दुकानात. दुकानदारानं डबी हातात घेतली आणि कपाळावर हात मारला. "क्या साब! ये गिटार का बटन कायकू नै दबाए? डबी इसकू पैचानीच नै!" डबीवर गिटारचं चित्र असलेलं बारकं बटण होतं. ते दाबलं आणि माझा कंठ मोकळा झाला. मग त्यानं मला कानाशी धरलं, माझ्यावर टिचकी मारली, जवळ तोंड नेऊन 'हॅलो' म्हटलं आणि मान हलवली. "साब, इसके कानां कच्चे हो गए. मोम सूक गया. बाजू में बैठ के बात करे तो भी सुन लेती. नया पिकअप डाल देतूं, आठ दिन लगते."

"नक्को," नागोराव म्हणाले. "आठ दिन इसमेंच गए तो बजाऊं कब?"

तर माझे कान कच्चे झाले होते. हे ऐकून मला लाज वाटली. म्हातारपणी कान जातात म्हणतात, माझं उलटंच झालं.

पुढचे दहा दिवस नागोराव रोज वाजवत होते. लॅपटॉपमध्ये खोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो, तो सखूनं लावला. आवाज गोड झाला. मापात राहावं म्हणून हेडफोनमध्ये टिकटिक लावली. ओळ संपली की आठ टिकटिका मोजून थांबायचं, तेवढ्यात लोक झेलतील, असा नागोरावांचा हिशेब. एकही सूर चुकला नाही. सरकारी कागदावर शिक्का बसावा तसं सगळं जागच्या जागी.

आणि तरी ते मेलेलं होतं. मी सांगते ना, मीच वाजत होते!

शुक्रवारी सखूनं हेडफोन लावून त्यावर गायला सुरुवात केली. पहिलं कडवं झालं, दुसऱ्याला ती अडखळली. पुन्हा गायली, पुन्हा अडखळली. हेडफोन काढून खाली ठेवला आणि खूप जपून बोलली. "बाबा, चुकीचं काहीच नाही यात. पण माझा श्वास मावत नाही. मी वर बघते तर तुम्ही पुढं निघून गेलेले असता."

 नागोरावांनी मला भिंतीला टेकवलं आणि स्वतःच्या बोटांकडे बघत बसले. मला वाटलं, म्हणतील आता, की वय झालं. चाळीस वर्षं खांबावर चढून वीज लावणारा माणूस, मी त्याला असा बसलेला कधी पाहिला नव्हता. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की नागोराव, बोटं तुमची शाबूत आहेत. मलाच ऐकू येत नाहीये! तुम्ही कानाला हेडफोन लावता, तुम्हाला ऐकू येतं. माझा आवाज माझ्याजवळून वायरीत जातो तो जातोच. परत येत नाही. मी पोस्टात पत्र टाकावं तशी सूर टाकत बसलेय. पण वायरीवाचून माझा आवाज कुठला निघायला!

शनिवारी सकाळी दार वाजलं. हणमंतराव! भर उकाड्यात कानाला मफलर, हातात वर्तमानपत्र. नागोरावांनी घाईनं हेडफोन काढला. "आवाज येतोय का वर? माफ करा, तारांचा थोडा..."

"नागोरावजी," हणमंतराव म्हणाले, "दहाबारा दिवस झाले, नुसतं टिंग टिंग टिंग टिंग! गाणं नाही, बोल नाही, नुसती टिंगटिंग. आमचं डोकं उठलं की हो! बायको म्हणते खाली घड्याळ दुरुस्त करतेत काय. वाजवायचं तर माणसासारखं वाजवा ना, मोठ्यानं! काय वाजवताय ते तरी कळू द्या!"

केसरबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "हौ ना! मी पण तेच म्हणलाले! ह्यांचं ह्यांनाच ऐकू येतंय. गाणं म्हणं माझ्या सासऱ्याचं आन् घरात कुणालाच ऐकू येत न्हाई. आसं कुठं असतंय का? मला तर झेलायला पण मिळालं न्हाई!"

नागोरावांनी बायकोकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग हळूच त्यांची नजर स्वयंपाकघरात गेली, माठाकडे.

केसरबाईंनी ती नजर पकडली. "न्हाई," त्या म्हणाल्या. "माझा माठ हलणार न्हाई."

"केसर, एक दिवस."

"मग पाणी कुठं ठिवू? तुमच्या डोक्यावर?"

"ठेव," नागोराव म्हणाले, आणि सखू इतक्या दिवसांत पहिल्यांदा खो खो हसली. मग काय, केसरबाईंनी स्वतःच माठ उचलला. त्या बाईचं हे असंच. आधी तोंड, मग हात, पण हात कधी मागे राहत नाही.

पेटीवर माठाचा गोल वळ उमटला होता, जाळीत पीठ बसलं होतं. नागोरावांनी ती उघडली, पुसली, तीन ठिकाणी डाग देऊन जोडली. वीज खात्यातला माणूस तो, तारांशी त्यांचं नातं माझ्याही आधीचं. मग माझ्या वायरीला दोन फाटे काढले. एक फाटा डबीकडे, एक पेटीकडे. डबी माझा सूर भरून घेणार आणि पेटी तोच सूर मला परत ऐकवणार. पहिल्यांदा पेटीचा आवाज चढवला तशी मी जोरात किंचाळले, हणमंतरावांनी मफलर गच्च आवळला. आवाज उतरवला. पेटी गुणगुणायला लागली. नागोरावांनी एक सूर छेडला.

काय सांगू मित्रांनो! तो सूर पेटीतून निघाला, खोलीत फिरला आणि परत येऊन माझ्या तारांना लागला. मी पुन्हा थरथरले. सूर संपेचना. बारा वर्षांनी मैत्रीण भेटली होती. नागोरावांचे डोळे पाण्यानं भरले, ते त्यांनी बनियनच्या बाहीनं पुसले आणि म्हणाले, "गोधड्या काढा सगळ्या. गुदमरायला झालं."

रविवारी सकाळी भरायला बसलो. हा शेवटचा दिवस, कारण सोमवारी पहाटेच सखूची गाडी होती. टिकटिक बंद केली. हेडफोन बाजूला ठेवला. सखू समोर उभी, केसरबाई माझ्या अगदी जवळ खाली मांडी घालून बसलेल्या, हणमंतराव आणि त्यांच्या पत्नी तारामती खुर्च्यांवर. सखूला शंका आली. "बाबा, हे सगळे झेलणार, त्यांचा आवाज भरला जाईल ना?"

"नाही जाणार. माईकच नाही. वायरीतून फक्त गिटार जातेय. बिनधास्त गा," नागोराव म्हणाले.

आणि गायले सगळे! सखूनं ओळ टाकली, नागोरावांनी शेवटचा सूर लांबवला, मान वर केली, खोलीभर नजर टाकली. तारामती पहिल्यांदा लाजल्या. नागोराव थांबले. मी सूर धरून ठेवला, पेटीनं मला हात दिला. मग तारामतींनी तोंड उघडलं, "उजेड हाये, उजेड हाये", आणि मगच बोट हललं. कधी चार टिकटिकांएवढं थांबलो, कधी बारा. कायदा पाळला. दुसऱ्या कडव्यानंतर तर केसरबाईंनी असा सूर लावला, की खिडकीवरची कबुतरं उडाली.

सखूनं मग फक्त माझा आवाज ऐकून पाहिला. माणसं त्यात तिला ऐकू आली नाहीत. पण प्रत्येक ओळीनंतर त्यांच्यापुरती जागा होती, कुठं अरुंद, कुठं ऐसपैस. ती त्यावर एका दमात गायली. श्वास मावला. सोमवारी पहाटे पेनड्राइव्ह पदराच्या गाठीला बांधून आणि लॅपटॉप बाबांसाठी ठेवून ती गेली. त्या दिवशी केसरबाईंनी दिवसभर माठ विटांवर ठेवला आणि पेटी हॉलमध्येच राहू दिली.

ऑक्टोबरात, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी, सखू तिकडे गायली. तिच्या खोलीत राहणारी पद्मावती, गुंटूरकडची तेलुगू मुलगी, आणि कचेरीतले पंधरावीस लोक समोर बसले होते. संध्याकाळी तिचा फोन आला. नागोरावांनी तो माझ्या शेजारी पलंगावर ठेवून मोठ्यानं लावला.

"बाबा, झेललं सगळ्यांनी! मराठीचा एक शब्द येत नाही, पण तुम्ही थांबलात तसे सगळे माझ्याकडं बघायला लागले. पद्मावतीनं सुरू केलं, मग सगळ्यांनी." मग ती म्हणाली, "आणि बाबा, एक विचारायचंय. दुसऱ्या कडव्यानंतर आई कशी आहे त्यात?"

"आई? आई कशी असेल? थेट वायर होती. माईक नव्हताच, सांगितलं होतं ना."

"आहे, बाबा. मी रोज ऐकते. हेडफोन लावा आणि ऐका."

नागोरावांनी लॅपटॉप लावला, कान देऊन ऐकलं. एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं. मग उठून स्वयंपाकघरात गेले आणि पिठाच्या हातांच्या केसरबाईंना धरून आणलं, त्यांच्या कानाला हेडफोन लावला. माझ्या लांबलेल्या सुराच्या आत, भिंतीपलीकडून यावा तसा अगदी बारीक, एका बाईचा आवाज होता. उजेड हाये.

"अगं बाई," केसरबाई म्हणाल्या. "ही मीच की! ही कशी गेली आत?"

नागोराव माझ्याकडे बघत होते. दुकानदाराचे शब्द त्यांना आठवले असावेत. कान कच्चे, मेण सुकलेलं, बाजूला बसून बोललं तरी ऐकते. त्यांनी हात लांब करून माझ्या पिकअपवरची धूळ बोटानं हलकेच पुसली. फोनवर सखू विचारत होती, "बाबा, दुकानदार ते पिकअप बदलायचं म्हणत होता ना. बदललं नाही ना?"

"नाही पोरी," नागोराव म्हणाले. "बदलणार पण नाही."

मित्रांनो, मी आता पुन्हा कपाटावर जात नाही. दर रविवारी पेटी लावली जाते, हणमंतराव न बोलावताच खाली येतात. तुमच्याही घरात एखादं जुनं वाद्य असेल. त्याला पुसा, तारा बदला, खोळ शिवा. डबीतून खुशाल भरा, लॅपटॉपात ठेवा. माझी विनंती एवढीच आहे, की वाजवताना त्याचा आवाज त्यालाही ऐकू येऊ द्या आणि समोर दोन माणसं बसवा. आणि ते म्हातारं होऊन नको ते ऐकायला लागलं, तर लगेच दुकानात नेऊ नका. आधी नीट ऐका, त्याच्या पोटात कुणाचा आवाज आहे ते.